फळीच्या दुसऱ्या टोकाला

माझ्या घरमालकिणीइतकी न्यायी बाई अख्ख्या अमेरिकेत सापडणार नाही. हे मी लिहिते आहे, घरमालकवर्गाविरुद्ध लागोपाठ तीन पत्रकं काढलेली भाडेकरू. बाई बास्क वंशाची. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरांतून तिचे वडील मेंढ्या राखायला आयडाहोत आले, आणि बॉयसी शहरातल्या तिच्या परसात त्यांच्या गावातल्या पोरांचे खेळ अजून शाबूत होते. अक्रोडाला जाड दोरीचा झोका, आणि आडव्या ओंडक्यावर टाकलेली लांब फळी. दोघांनी दोन टोकांना बसायचं. एक वर, एक खाली. सीसॉच, पण तिच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. सीसॉ दुकानात मिळतो, म्हणायची.

वय अठ्ठ्याहत्तर. खोली बघायला कोणी आलं की कागदपत्रं नंतर, आधी फळीवर बैस. माझ्याआधी आलेल्या एका तरुणाला खेळता खेळता ऑफिसचा फोन आला. तो खालच्या टोकावरून उठून चालता झाला आणि वर टांगलेली बाई धाडकन आपटली. खोली मला मिळाली. तिचा नियम एकच होता: उतरायचं तर आधी सांगायचं, आणि समोरच्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत आपलं टोक दाबून धरत हळूहळू सोडायचं.

आमची भांडणंही फळीवरच व्हायची. बाथरूमचा हीटर बंद पडला तेव्हा भाडेकरूंच्या हक्कांवरचं माझं भाषण तिने मला हवेत ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मुद्दे बरोबर आहेत पोरी, पण तू फार पुढे झुकून बोलतेस. पडशील." हीटर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. माझं तिसरं पत्रक मात्र तिने घडी करून डुगडुगणाऱ्या ओंडक्याखाली सरकवलं आणि ते एकदाचं उपयोगी पडलं म्हणून माझं अभिनंदन केलं.

मग वसंतात गल्लीच्या रहिवासी समितीची नोटीस आली. शेजारची मुलं रोज शाळा सुटल्यावर इथे येतात; झोका आणि फळी धोकादायक आहेत; दोन आठवड्यांत काढा. म्हणजे मुलांनी घरात बसून स्क्रीन चाटत राहायचं, हीच यांची सुरक्षितता. मी तासाभरात पत्रक लिहिलं. मथळ्यात 'बालपणावर घाला', आत 'दडपशाही' चार वेळा. बाईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"यात मुलं कुठे आहेत?" म्हणाली. "सगळीकडे तूच आहेस."

आणि तिने समितीच्या सेक्रेटरीला कॉफीला बोलावलं. गृहस्थ चांगलाच भरदार. ती काटकुळी. तिने फळी सरकवून त्याच्याकडची बाजू आखूड केली आणि त्याला बसवलं. तो वर गेला तेव्हा फळी घट्ट पकडून बसला. तिसऱ्या खेपेला हसायला लागला. शेवटी उतरायचंय म्हणाला, तेव्हा बाईने उठून आपलं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि त्याचे बूट गवताला टेकेपर्यंत हळूहळू सोडलं. त्याने नोटिशीतलं 'काढा' खोडलं आणि लिहिलं: खाली लाकडाचा भुसा पसरा, आणि मुलं खेळताना एक मोठं माणूस हजर हवं. ही अट म्हणजे मागच्या दाराने आणलेली बंदी आहे, असं मी तिला ठणकावून सांगितलं. तिने खुर्ची आणून अक्रोडाखाली ठेवली आणि रोज चार वाजता तिथे बसायला लागली.

पानगळीत तिचे गुडघे संपावर गेले. संपाला मी विरोध करू शकत नव्हते. लेकीने तिला नेव्हाडात, आपल्या घरी न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी, गाडीत सामान भरलेलं असताना, ती म्हणाली एकदा बसू. मी वर होते. तिथून तिच्या केसांतला भांग सरळ दिसत होता.

"मी उतरते आहे," म्हणाली.

उठताना तिला त्रास झाला, पण फळीवरचा तळहात हलला नाही. मी इतकी हळू खाली आले की बूट कधी टेकले, कळलंच नाही. मगच तिने हात काढला.

खोली अजून माझ्याकडे आहे. रोज चार वाजता मुलं येतात, आणि ते मोठं माणूस हल्ली मी असते. पत्रक महिनाभर लिहिलेलं नाही. उतरताना सांगा, हे ओरडण्यातच संध्याकाळ जाते.