गाडीचा सोडून सगळे ड्राइव्ह

पोळी तव्यावरून काढायच्या आधी ती उजव्या खांद्यावरून मागे बघायची, मग डाव्या. "शोल्डर चेक, काकू! गाडी वळवण्याआधी मागे बघायचं, अंगात भिनलं पाहिजे." आता स्वयंपाकघरात मागून कोण येणार? फार तर मी, वाटी घेऊन.

मी शारजात मुलाकडे राहायला आले तेव्हाची ही समोरच्या दारातली शेजारीण. मूळची नाशिकची, शिकलेली फिजिओथेरपिस्ट. नवरा तिकडे लांब रुवैसला रिफायनरीत, शुक्रवारी संध्याकाळी यायचा, रविवारी परत. लेकीला वाढवण्यात हिची बारा वर्षं घरात गेली. आता कुठे एक नोकरी चालून आली होती, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायची. मुलाखत उत्तम झाली, आणि शेवटी विचारलं, "डू यू ड्राइव्ह?" महिनाअखेरपर्यंत लायसन्स आणा, तोवर जागा ठेवतो, म्हणाले. आणि बाई टेस्टमध्ये चार वेळा नापास!

नाशिकला चालवायची हो, झकास चालवायची. पण इथे बाजू उलटी. गिअर टाकायला डावा हात जायचा तो थेट दाराच्या कडीवर.

आमच्या मराठी मंडळातल्या बायका काय कमी! रक्तदानाचा ड्राइव्ह हिने भरवला, झाडं लावायचा ड्राइव्ह हिचाच, गणपतीच्या आरत्यांचा पेन ड्राइव्ह हिच्या पर्समध्ये. लेकीच्या टीचरसुद्धा म्हणाल्या, मुलीत ड्राइव्ह आहे, आईवर गेलीय. त्यावर एकीने टोमणा मारलाच, "हिला सगळे ड्राइव्ह येतात, गाडीचा सोडून." सगळ्या हसल्या. ही पण हसली, पण त्या दिवशी चहा अर्धा टाकून उठली. मला दिसलं ते.

पाचव्या टेस्टला तर कमालच केली. परीक्षक अरब बाई शेजारी, मागे आणखी दोघी उमेदवार. हिने सीट सरकवली, आरसे नीट केले, पट्टा लावला. आणि सुरुवात करण्याआधी, आपण करतो तसं, स्टिअरिंगला हात लावून डोकं टेकवलं. कपाळ नेमकं हॉर्नवर! अख्ख्या मैदानात भोंगा. परीक्षक बाई दचकून म्हणाली, "या अल्ला, व्हाय?" ही इतकी गडबडली की पहिल्याच वळणावर लेन चुकली.

घरी आली ती माझ्या सोफ्यावर कोसळली. "खलास, काकू. वय झालं माझं."

"वय माझं झालंय, तुझं नाही. देवाला मनातल्या मनात नमस्कार पोचतो. ऊठ."

मग रोज सकाळी खाली उभ्या गाडीत आमचा वर्ग. परीक्षक मी, डोक्यावरून पदर घेऊन. माझं इंग्रजी दोन शब्दांचं, गो आणि स्टॉप. तिचं डोकं खाली झुकलं की मी मनगटावर चापटी मारायची. वॉचमन लांबून बघायचा. बघू दे की!

तिची लेक मात्र कपाळाला हात लावायची. "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग."

महिना संपायला तीन दिवस राहिले होते, तेव्हा सहावी टेस्ट. मी देवापुढे बसून होते, पण लक्ष फोनकडे. परत आली तेव्हा जिन्यातूनच ओरडत आली. "काकू, पास!" टेस्ट चालू असताना गोदामांच्या रस्त्यावर एक ट्रक न बघता मागे यायला लागला होता. हिने गाडी जागच्या जागी थांबवली, आणि नाशिकच्या सीबीएस स्टँडसमोर वाजवतात तसा लांबलचक हॉर्न दिला. ट्रक थांबला. मागच्या वेळच्याच त्या परीक्षक बाईने फक्त एवढंच म्हटलं, "नाऊ, गुड हॉर्न."

शुक्रवारी नवरा आला तर किल्ली दिली नाही त्याला. तो बिचारा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत होता. "अहो, पाय वर घ्या! गाडी मी चालवतेय." मागे लेक आणि मी हसून लोटपोट.

आता ती मंडळी अबूधाबीला गेली. समोरच्या दारात दुसरं कुटुंब आलं, बरे आहेत, पण पोळ्या लाटताना कोणी मागे वळून बघत नाही.

मला आठवतो तिचा कामाचा पहिला दिवस. दुबईत देऱ्याच्या एका आजोबांना दोन पावलं चालवून निघाली, आणि घरी पोचायला रात्रीचे आठ वाजले. केस विस्कटलेले, पाय भरून आलेले. शारजाला परतणारा माणूस त्या ट्रॅफिकला शिव्या घालतच दार उघडतो, माझा मुलगा तर रोजच. ही माझ्या दारात उभी राहिली आणि पेढे वाटायला आल्यासारखी म्हणाली,

"काकू, दोन तास! दोन तास अडकले हो मी जॅममध्ये!"