भुजंगरावांची मिशी आणि फुटबॉलचा चषक

मंडी मोहल्ल्यातले भुजंगराव म्हैसूरच्या घोडदळातून पेन्शन घेऊन बाहेर पडले आणि थेट फुटबॉलचे जाणकार झाले. खेळाडूलाही ते घोड्याप्रमाणेच पायांवरून पारखत. चषकाच्या शेवटच्या सामन्याआधी त्यांनी मोहल्ल्याला बजावलं, "बूटवाले गोरेच जिंकणार. नालाशिवाय घोडा पळतो काय रे? आपली अनवाणी पोरं जिंकली तर मिशी उतरवीन!"

पोरं जिंकली. मोहल्ला न्हाव्याला घेऊन दारात हजर.

"अय्यो, बसा की आता मुकाट!" अंबुबाईंनी नवऱ्यापुढे पाट मांडला.

चूक गोऱ्यांची आणि शिक्षा आपल्याला, असं मनाशी म्हणत भुजंगराव बसले. डावी बाजू उतरली, तोच न्हावी सहज बोलला, "पुढच्या वर्षीही आपलीच पोरं जिंकणार, राव."

भुजंगराव ताडकन उठले. "तुला काय कळतं रे पायातलं? उरलेली अर्धी पुढच्या वर्षी गोऱ्यांवरच लावली, जा!"