पितळेची कानपिळी

आमच्या गाळ्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक पितळेचा कीस आणि दुसरे किस्से! कीस निदान भट्टीत परत वितळवता तरी येतो. किस्से नुसते साठत जातात आणि चहाच्या वेळी कोणीतरी त्यातला एखादा उकरून काढतं.

भाईंदर पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा हा गाळा. हाताने घडवलेल्या पितळी मूर्ती करतो. माणसं तीन. मेणात मूर्ती घडवणाऱ्या सुमनताई, पितळ ओतणारे मुरादाबादचे रफीकभाई, आणि शेवटी कानस मारून, पॉलिश करून चमकवणारा मी. गाळा माझ्या मालकीचा आहे, पण हे त्या दोघांना अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही!

लग्नातली शिल्पं आम्ही बरीच केली. डोली केली, वरात केली, घोड्यावरचे नवरदेव तर किती केले. पण जवळच्या राई गावातल्या मानसीच्या कानपिळीने जे दाखवलं, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

* * *

मानसी आईला घेऊन आली होती. तिचा भाऊ तुषार जहाजावर नोकरीला. इकडे हिचं लग्न ठरलं आणि तिकडे त्याचं जहाज लांबच्या फेरीवर निघालं. सुटी मिळणार नव्हती.

आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, हे बजावायची ती पद्धत. मानसीला तेवढंच शिल्प हवं होतं. नवरा बसलेला, आणि तुषार त्याचा कान पिळतोय. ते कानपिळीच्या वेळी मांडवात ठेवायचं.

"लाह्या द्यायला चुलतभाऊ आहेत हो," ती म्हणाली. "पण कान दादानेच पिळायचा. लहानपणापासून ठरलंय आमचं."

मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "हल्ली व्हिडिओ कॉलवर अख्खं लग्न दिसतं."

इतका वेळ गप्प बसलेली आई म्हणाली, "दिसतं रं. पन व्हिडिओवर कान पिलता येतो काय?"

मी ऑर्डर लिहून घेतली.

* * *

पहिली अडचण सुमनताईंची. त्या मूळच्या परभणीकडच्या. त्यांच्यात बौद्ध पद्धतीने लग्न लागतं, कानपिळी नसते. त्यांनी ती कधी जवळून पाहिलीच नव्हती.

"मला दाखवा, कोणता कान?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर देण्याऐवजी नकळत स्वतःच्या उजव्या कानाला हात लावला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कानाला सगळं आठवतं!

"बसा स्टुलावर," सुमनताई म्हणाल्या आणि त्यांनी खरोखर माझा कान धरला. पिळायच्या, सोडायच्या, जाऊन मेणाला बोट लावायच्या आणि परत यायच्या. अंगठा कुठे येतो, मनगट कसं वळतं, सगळं बघत होत्या. माझे डोळे पाण्याने भरले.

"चेहरा असाच धरून ठेवा," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला हाच देते!"

* * *

नवरा मुलगा चिराग. गुजराती, मीरा रोडला राहणारा. चेहरा बघून मेणात उतरवायचा म्हणून त्याला गाळ्यात बोलावलं. बिचारा प्रसन्न बसला होता, तोवर मानसीने त्याला शिल्प कसलं ते सांगितलं.

"कान?" तो दचकला. "लेकिन हमारे में तो सासू नाक पकडती है!"

हे आम्हाला नवीन. त्यांच्याकडे जावई दारात आला की सासू त्याचं नाक चिमटीत धरायला बघते. मानसीच्या आईने तर आधीच सराव सुरू केला होता म्हणे.

"मतलब नाक आंटी का, कान भाई का," चिराग म्हणाला. "मेरे पास क्या बचा?"

"मुंडी," रफीकभाई भट्टीकडून ओरडले, "वो बीवी के आगे हिलाने के लिए!"

* * *

तुषारला तर आमच्यापैकी कोणी पाहिलेलंही नव्हतं. मोबाइलमधले चार फोटो, तेवढ्यावरून सुमनताईंनी मेणाचा तुषार उभा केला. हातभर उंच. एक खांदा किंचित वर, ओठ दाबून हसू आवरलेलं. मला तो या क्षणी काहीतरी बोलेल असं वाटायला लागलं होतं.

आई बघायला आली. पुतळ्यासमोर उभी राहिली आणि सरळ त्याच्याशीच बोलली. "बारीक झालास रं बाला. जेवत न्हाय काय?"

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच ते.

ती गेल्यावर सुमनताईंनी दोन्ही गालांना थोडं थोडं मेण लावलं. पुढच्या खेपेला आई आली, तिने निरखून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "आता बरा हाय."

* * *

आमच्या कामात मेणाच्या मूर्तीवर मातीचा लेप चढवतात. माती भाजली की मेण वितळून बाहेर जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत पितळ ओतायचं. मग माती फोडायची. जे निघेल ते निघेल, कारण मेणही गेलेलं असतं आणि साचाही. तुषार आणि चिराग वेगवेगळे ओतून नंतर जोडायचे होते.

लाल-पिवळं रसरशीत पितळ मुशीतून उतरतं तेव्हा मी आजही श्वास धरून उभा राहतो. इतक्या वर्षांत सवय झाली नाही आणि होऊही नये. त्या वेळी रफीकभाईंसारखा बडबड्या माणूसही एक शब्द बोलत नाही.

साचे निवल्यावर फोडले. तुषार निघाला, आणि आम्ही तिघेही बघत राहिलो. अंगठ्यावरची सुरकुती, नखाची कड, दाबलेलं हसू, सगळं आलं होतं!

मग चिरागचा साचा फोडला. धड होतं. डोकं नव्हतं. पितळ मानेपर्यंत जाऊन थांबलं होतं.

"दूल्हा डर गया," रफीकभाई पुटपुटले. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. पण मानसीच्या घरी दुसऱ्या दिवशी हळद होती. नवीन मेण, नवीन साचा, काही शक्य नव्हतं. सुमनताई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मी एकट्या तुषारला पॉलिश केलं. हवेत धरलेला हात, चिमटीत कोणाचाच कान नाही. कानस मारताना मलाच त्याच्याकडे बघवेना.

* * *

लग्नाच्या सकाळी आम्ही तिघे तो एकटा तुषार घेऊन राईला गेलो. मानसीला सगळं सांगितलं. ती नऊवारीत, मुंडावळ्या बांधून बसलेली. तिने भावाच्या रिकाम्या चिमटीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "दादा आलाय ना? मग ठेवा."

लाजाहोम झाला. भटजी म्हणाले, "कानपिळी. नवरीचा भाऊ पुढे या."

आम्ही तुषारला चौरंगावर ठेवलं. कोणाला पुढे काय करायचं ते कळेना. तेव्हा चिराग स्वतःच वाकला, त्याने मान तिरकी केली आणि उजव्या कानाची पाळी त्या पितळी चिमटीत सरकवली.

टाळ्या पडल्या. मानसी एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

"संभालूंगा, भाई. वचन," चिराग म्हणाला. भावासाठी आणलेला शर्टपीस त्याने पुतळ्याच्या पायाशी ठेवला आणि उठायला गेला. उठता येईना.

"छोड नहीं रहा!" तो म्हणाला. सगळा मांडव खदखदून हसला. काय नाटकी जावई आहे!

पण त्याचा कान लाल होत चालला होता. मी पुढे झालो. ती चिमटी मी स्वतः घासलेली, कान सहज निघेल एवढी फट तिच्यात होती, म्हणून अलगद काढायला गेलो. आता तिच्यात जागाच नव्हती. रफीकभाईंनी प्रयत्न केला. सुमनताईंनी केला. एव्हाना हसणं थांबलं होतं.

मग मानसीची आई उठली. बायकांमधून वाट काढत ती चौरंगापाशी आली आणि तिने पितळेच्या मनगटावर हात ठेवला.

"सोड रं बाला. कबूल झाला तो."

कान सुटला.