हापशाचा वायसर

गिऱ्हाईक पंप बघायला आलं की आम्ही टाकीत टँकरचं गोडं पाणी भरायचो. बहारीनच्या विहिरींचं पाणी खारट, वर त्यात रेती. त्यात नवा पंप चालवून दाखवला तर तो विकायचा कसा? टाकी घासायची, पाणी फडक्यातून गाळायचं, मग बटण दाबायचं. पाणी असं उसळायचं की बघणारा खूश. मुहर्रकच्या त्या वर्कशॉपात मी नऊ वर्षं फिटर होतो आणि ही लबाडी मला कधी लबाडी वाटली नाही. धंदा आहे, चालायचंच.

ऐंशीनंतरची गोष्ट. आफ्रिकेतल्या एका अतिगरीब देशाला खेड्यापाड्यांतल्या पाण्यासाठी कर्ज मंजूर झालं होतं. कर्ज देणारी संस्था मोठी, श्रीमंत देशांनी मिळून चालवलेली. व्याज जवळजवळ नाहीच, फेड पुढच्या पिढीनं करायची. ऐकून मला आधी बरं वाटलं. म्हटलं, चला, गरिबाकडे कुणीतरी बघतंय. मग ती माणसं बघितली. पंप आमच्याकडचे बघायचे आणि त्या देशात धड हॉटेल नाही, म्हणून बैठकाही इथंच, बहारीनच्या हूरा भागातल्या थंडगार हॉटेलात. चांगले आठ दिवस. त्यांचा मुख्य साहेब वर्कशॉपात शिरला तोच नाकाला रुमाल लावून. पंपाच्या ऑइलचा वास सहन होईना आणि निघाले खेड्यांचं भलं करायला! खेडी त्यानं बघितली होती म्हणे, गाडीच्या काचेतून, तीन दिवस. तेवढ्यावर उशाला घेता येईल एवढा जाड अहवाल लिहिला होता.

त्याच्यासोबत त्या गरीब देशाच्या पाणीखात्याचा इंजिनियर होता. किडकिडीत माणूस, कोट दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा. साहेब मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा प्यायला बसला की हा माझ्या बाकड्यापाशी यायचा. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचं छान जमलं. हॉटेलचं बिल, सल्लागारांचे भत्ते, साहेबाचं येणंजाणं, सगळं त्याच कर्जातून वळतं होणार, हे मला त्यानंच सांगितलं. शिवाय पंप घ्यायचा तो साहेबाच्या यादीतलाच, डिझेलच्या जनरेटरवर चालणारा, साहेबाच्याच मुलखात बनलेला. म्हणजे पैसे फिरून यांच्याच घरात, आणि उपकाराचं ओझं मात्र याच्या डोक्यावर. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

"तुझ्या गावात कसला पंप आहे?" त्यानं एकदा विचारलं.

मी म्हटलं, हापसा. दांडा खालीवर करायचा, पाणी येतं. बिघडला तर बहुतेक वेळा आतला चामड्याचा वायसर झिजलेला असतो. नवा कापायचा, तेलात भिजवायचा, बसवायचा. माझी बायको घरच्या पान्यानं करते.

"बायको?"

"माझ्यापेक्षा नीट करते."

माझ्या जुन्या चपलेचं चामडं पडलं होतं. तिथल्या तिथं त्याला एक वायसर कापून दिला, कड अगदी गोल, निगुतीनं. तो त्यानं रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला. त्याला हापसेच हवे होते, तसं तो साहेबाला सांगतही होता. मागं अशाच एका कर्जातून आलेले पंप त्याच्याकडे वर्षभरात बंद पडले होते. सुटे भाग परदेशातून यायचे, डिझेल शहरातून, आणि दोन्ही यायचं नाही. बाया परत डबक्यावर. त्याची स्वतःची आई त्याच खेड्यात होती, त्याच डबक्याचं पाणी पीत होती.

शेवटच्या दिवशी पसंतीला सगळे जमले. मी बटण दाबलं. गोडं पाणी उसळलं. साहेबानं मान डोलावली. तेवढ्यात इंजिनियर आवारात गेला, बादलीभर रेती भरून आणली आणि शांतपणे टाकीत ओतली. पंप जरा वेळ घरघरला, कण्हला आणि खलास.

"हा गैरवापर आहे," साहेब तांबडालाल होऊन म्हणाला.

"आमच्या विहिरी अशाच आहेत," इंजिनियर म्हणाला.

मग साहेबाला मोठेपणाचं नाटक सुचलं. माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "याला विचारू. हा पंप खेड्यातल्या माणसाला दुरुस्त करता येणार नाही असं हा म्हणाला, तर मी हापसे यादीत घालतो." आणि वही उघडली.

इंजिनियर माझ्याकडे बघून हसला. आपलं काम झालं, असं त्याला वाटलं. पंपाचं आतलं सील बदलायला आम्हालाच परदेशातून पार्सल यायची वाट बघावी लागायची, हे त्याला मीच सांगितलं होतं.

आमचा मॅनेजर मुंबईचा. तो माझ्या मागं उभा होता. मराठीत, अगदी गोड आवाजात म्हणाला, "मेस्त्री, तुमचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो ना हो?"

मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम, सर. एक दिवस शिकवलं की कुणीही करील. व्हेरी गुड पंप."

साहेबानं ते लिहून घेतलं. त्या अख्ख्या अहवालात गरीब माणसाच्या तोंडचं म्हणून जे एक वाक्य गेलं असेल ते माझं, आणि तेही खोटं.

पुढं कितीतरी वर्षं मी खोलीवर, चार माणसांत, त्या साहेबाचा उद्धार करायचो. अजूनही आठवला की थुंकावंसं वाटतं. पण त्याला निदान कुणी व्हिसा विचारला नव्हता, तो आपल्या खुशीनंच तसा होता. माझ्यासाठी कुठला शब्द वापरायचा ते मला ठाऊक आहे. तो मी चार माणसांत कधी वापरला नाही.

निघताना इंजिनियर बाकड्यापाशी थांबला. शिवी देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं खिशातला रुमाल सोडला आणि वायसर माझ्यापुढं ठेवला. म्हणाला, "तुझ्या बायकोला दे. तिला उपयोग होईल."

पंपांचे पेटारे मीच भरले. व्हिसा आणखी दोन वर्षांसाठी वाढला. सुट्टीवर गेलो तेव्हा वायसर सामानात होता आणि गावचा हापसा बिघडलेलाच होता. बायकोनं तो खोलला, वायसर बसवला, चार हापसे मारले आणि पाणी आलं. घागर भरता भरता तिनं विचारलं, "एवढा निगुतीनं कुणासाठी कापला होतात?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच."