मेणाचं बूच

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळ. हजर: मी, आई, मामा, मामी, मामेभाऊ.

हजेरी आधी लिहायची सवय नोकरीतून लागली. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. आगीचा सराव झाला की मैदानात आधी माणसं मोजायची आणि मग बाकीचं, असा आमचा नियम आहे. त्या रविवारीही मला माणसं मोजावी लागली, आणि तो सराव नव्हता.

मामा म्हणजे आईचे मावसभाऊ. छावणीच्या पलीकडे कॉलनीत त्यांचं दुमजली घर आहे. वर राहतात आणि खालच्या दोन खोल्यांत संग्रहालय. हे त्यांच्या वडिलांनी, आबांनी, सुरू केलं. शेतात, बाजारात, पडक्या भिंतीत जे मिळेल ते त्यांनी आणलं. आता मामा माहिती सांगतात, मामी पुसपास करतात आणि मामेभाऊ फळ्या-स्टँड बनवून देतो. तो फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. आईला बरेच दिवस तिथं जायचं होतं. आम्ही मुकुंदवाडीहून रिक्षानं गेलो.

मामांच्या संग्रहालयाची एक पद्धत आहे. तिथं काचा नाहीत. निजामाच्या वेळची नाणी, मापाचे शेर, पानदान, हिमरू कापडाचा तुकडा, सगळं पाहुण्याच्या हातात द्यायचं.

"बघून काय कळतंय? हातात घ्या," मामा म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यातला लोखंडी गोळा उचलून सरळ आईच्या मांडीवर ठेवला.

"अरे बाबा, मोडला की गुडघा!"

"तोफेचा हाय, अक्का. आबांना शेतात सापडला. हलवून बघ, आतून वाजतंय."

आईनं हलवला. आत काहीतरी सरकलं. डब्यातली साखर सरकते तसा आवाज.

"असला एक आमच्या कन्नडच्या शेतावर होता," आई म्हणाली. "न्हाणीच्या दारात."

"व्हय की! आबांना जोडी सापडली होती. एक त्यांनीच तुझ्या सासऱ्याला दिला."

ह्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. माझं लक्ष गोळ्याच्या वरच्या भोकाकडे होतं. त्यात जुनं लाकडी बूच होतं आणि बुचावर पिवळं मेण.

"हे मेण कशाला?"

"पोरं त्या फटीत शेंगदाणे कोंबत्यात. मीच मेणबत्ती पेटवून वरून थेंब पाडले, गच्च बसवलं," मामा म्हणाले. "दसऱ्याला शस्त्रांसंगं ह्याची पण पूजा असती. हळदकुंकू, उदबत्ती, निरांजन. तुझी मामी चिंचेनं घासती."

मला दारूगोळ्यातलं काही कळत नाही. पण बंद भांडं, आत काय आहे माहीत नाही, अशा वस्तूजवळ जाळ न्यायचा नाही, एवढं आमच्याकडे झाडलोट करणाऱ्यालाही पाठ असतं. पण मामा इतके खुशीत होते, आणि आई त्या गोळ्यावरून हात फिरवत होती. मी आधी तो आईच्या मांडीवरून घेतला आणि जपून जागेवर ठेवला. चहाच्या वेळी मामांना बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं.

चहाला मामींनी वर बोलावलं. पोहे झाले, कन्नडच्या ऊसतोडीची चौकशी झाली. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मामी म्हणाल्या, "वन्सं, पुढल्या वेळी याल तवा गोळा जमिनीवर नसंल. पोरगं आजच स्टँड डकवतंय. मागं अंगणात घेऊन गेलाय."

"डकवतोय म्हणजे? वेल्डिंग?"

"मग काय, फेविकॉल?" मामा हसले. "बीड हाय ते, ओतीव लोखंड. आधी तापवावं लागतं, मग टाका धरतो."

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. मागच्या दारातून फुरफुर आवाज येत होता. भाऊ उकिडवा बसला होता. गोळा विटांवर, खाली स्टँडची कडी आणि त्याच्या हातात गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत. ती गोळ्याच्या बुडावर होती. वर मेण वितळून गोळ्याच्या पोटावरून ओघळत होतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर तो दचकला असता. मी सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. ज्योत विझली.

"ताई! काय करती? आत्ता कुठं तापायला लागला होता."

"आत काय आहे?"

"माती असंल. दुसरं काय?"

"असंल? तू बघितलंस?"

"तुला कंपनीत बसून बसून सगळंच डेंजर दिसतंय," तो म्हणाला. हसत होता. मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसायचा थांबला. मेणाखालचं लाकूड दिसायला लागलं होतं. लाकडाच्या कडेनं काळी भुकटी होती.

"टॉर्च खाली ठेव. हळू. आता पुढच्या दारानं बाहेर."

मामी आणि आईला मी वरून चपलांशिवाय बाहेर काढलं. आई म्हणत होती, "अगं, माझा चहा तसाच राहिला." मामा जिन्यातच अडले.

"माझं सगळं खाली हाय. आबांचं सगळं. निदान पानदान तरी..."

"मामा, चला."

"तू म्हणती म्हणून खरं धरायचं का? साठ वर्षं घरात हाय तो. निरांजन ओवाळलं त्याला!"

भावानंच त्यांचा दंड धरला. "आप्पा, चला म्हणतो ना." तेव्हा कुठं मामा निघाले.

गल्लीच्या टोकाला लिंबाखाली मी मोजलं. पाच. शेजारच्या घरांच्या बेला वाजवल्या, त्यांनाही लांब पाठवलं, पोलिसांना फोन केला. पाणी ओतायला परत जाऊ का, असं भावानं दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हणाले. आत लोखंड थंड होतंय की आतल्या आत काही पेटतंय, हे तिथून कळायला मार्ग नव्हता. वरच्या बाल्कनीत मामींचा टॉवेल वाळत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो हलला की माझं काळीज हलायचं.

मामी हळूच म्हणाल्या, "मी रोज त्याच्याशेजारी बसून तांदूळ निवडते."

भाऊ कठड्यावर बसला होता. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

पोलीस आले, मग बॉम्ब पथक. गोळा वाळूच्या पेटीत घालून नेईपर्यंत दुपार झाली. पथकातल्या अधिकाऱ्यांनी मामांना बाजूला घेतलं, पण आम्हाला ऐकू येत होतं. आत दारू भरलेली होती. बुचानं ओल आत जाऊ दिली नव्हती, दारू कोरडी ठणठणीत होती.

"आणि अजून तापवला असता तर?" भावानं विचारलं.

अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लग्न झालंय का तुमचं?"

"पुढच्या महिन्यात आहे."

"मग लग्न करा," ते म्हणाले.

ह्यावर मामा पहिल्यांदा रडले. आवाज न करता, उपरण्यात तोंड घालून.

मी रिक्षा बघत होते. आई पायरीवर बसून चपला घालत होती. एक घातली आणि थांबली.

"अगं," ती म्हणाली, "जोडी होती."

आम्ही घरी गेलोच नाही. अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी शेताचा पत्ता घेतला आणि म्हणाले, दिसला तरी हात लावू नका. भावानं गाडी काढली. आमचं शेत बटईनं, अर्ध्या वाट्यानं, करणाऱ्या काकांना फोन लागत नव्हता. पोचलो तेव्हा ते गोठ्यात होते.

"लोखंडी गोळा? व्हय, होता की न्हाणीच्या दारात. न्हाणी पाडली ना मागल्या साली. जेसीबीनं सपाट केलं सगळं."

"मग गोळा?"

"ते काय मी बघितलं नाय. माती, दगड, सगळं बांधावर लोटलं."

त्यांनी हात लांब केला. बांध पुढच्या विहिरीपर्यंत गेला होता, वर वाळलेलं गवत कमरेएवढं. आई गाडीतून उतरली नाही.

"ह्या गवताचं काय करता?" मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं. लहानपणी मीच काडी लावलेली आहे.

"काय करणार? दरसाल उन्हाळ्यात बांध पेटवतो."

"ह्या वर्षी पेटवायचा नाही."

"बरं," ते म्हणाले. मग शेजारच्या शेताकडे बघून, "पण शेजारचा पेटवतो की. आग काय हद्द बघती?"

शेजारच्या शेतकऱ्याला मी त्याच दिवशी भेटले. त्याला बोलणं पटलं असं वाटलं. पथकाचे लोक येऊन बांध बघून गेले. मशीन आणून तपासावं लागेल, म्हणाले. बांधावर आम्ही लाल कापडं बांधली, वाऱ्यानं दोन उडाली, पुन्हा बांधली. मामांनी संग्रहालयातल्या सगळ्या बंद वस्तू तपासून घेतल्या. भावाचं लग्न झालं. फेऱ्यांच्या वेळी होमाचा धूर डोळ्यांत गेला म्हणून मामी उठून बाहेर गेल्या, असं त्या म्हणाल्या.

मार्च निम्मा झाला आहे. कन्नडला ऊन तापू लागलंय. बटईच्या काकांना मी रोज सकाळी फोन करते. ते ओळखतात, उचलताच म्हणतात, "नाय पेटवला, ताई." माझ्या यादीत त्या रविवारची बाकी सगळी कामं खोडून झाली आहेत. बांध तपासायचा राहिला आहे.