रुमाल बांधून बाळ घ्यायचं का?

मंडळी, सायन्स क्लबच्या बोर्डावर हे घाईत लिहून लावतेय, कारण सावर्ड्याहून आल्यापासून डोकं फिरलंय.

तिथल्या माझ्या काकांना टीबी आहे. औषधं नुकतीच सुरू झालीत. आज काकू माहेरचं बाळंतपण आटपून बाळाला घेऊन परत आली. काकांनी लेकीला अजून पाहिलंच नव्हतं. ते घरापुढच्या खळ्यात थांबले होते, तोंडाला घट्ट रुमाल बांधून.

"लांबून किती बघू गो? एकदा हातात दे."

ओटीवरून काकूने मला विचारलं, "तू इंग्लिश मिडियमची, सायन्सवाली. रुमालाने जंतू अडतात काय?"

मी लगेच लेक्चर सुरू केलं. एक मासिक म्हणतं, थुंकीचे थेंब कापडात अडतात. दुसरं म्हणतं, बाजूने हवा निसटतेच, पक्का पुरावा नाही.

"पुरावा राहू दे तुझा. देऊ की नको, तेवढं सांग."



तेवढ्यात बाळ रडलं. काकांनी पटकन रुमाल खाली ओढला. "रडू नको गो, मी तुझा बापूस!" आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. काकू बाळाला घेऊन आत पळाली.

"अहो काका, रुमाल!" मी ओरडले.

"तोंड झाकून ठेवलं तर तिला बापूस कळायचा कसा?"

शेवटी मी काकूला सांगितलं, डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. काकांनी रुमाल परत वर चढवला आणि माझ्याशी बोललेच नाहीत.

मंडळी, रुमालाचे हे एक्स्पेरिमेंट करणाऱ्यांनी रुमाल खाली ओढणारा बाप धरला असेल का हिशोबात? आणि माझ्या जागी तुम्ही काय सांगितलं असतं?