बोली चढवणारे भावजी

हर्णे बंदरावर बावीस वर्षं मासळी विकणाऱ्या यमुनाबाईच्या लेखी माणसं दोनच प्रकारची होती: पाटी उचलणारी आणि नुसती बोली चढवणारी. संध्याकाळी बोटी लागल्या की वाळूवर लिलाव व्हायचा. त्यात एखादा असा असायचाच, की ज्याला एक बांगडासुद्धा घ्यायचा नाही. पण बोटवाल्याकडून हातावर काहीतरी पडणार म्हणून दर वेळी पाच रुपये चढवून बोलायचा. परगावचा नवखा व्यापारी ईर्ष्येला पेटायचा आणि महागाची पाटी त्याच्या गळ्यात पडायची. असल्या माणसाकडे बघून यमुनाबाई वाळूवर थुंकायची. तसलाच एक आपल्या घरात आहे, हे मात्र सत्त्याऐंशीच्या जुलैपर्यंत तिला कळलं नाही, आणि त्याचा राग तिला कायमचा राहिला.

हा माणूस म्हणजे तिचा दीर दत्ताराम. मुंबईला एका कचेरीत शिपाई, पण गावी आला की इस्त्रीची सफारी घालून साहेबाच्या तोऱ्यात बोलायचा. भाऊ वारल्यावर त्याने कधी दहा रुपयांची मनिऑर्डर केली नाही. पुतणी राही बारावीला चांगल्या मार्कांनी पास होऊन तिचं नाव इंजिनिअरिंगच्या यादीत लागलं, तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी दारात हजर. राहीला कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलची जागा मिळाली होती. सोमवारी जाऊन फी भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

"सिव्हिल? पोरगी काय रस्त्यावर खडी टाकणार?" दत्ताराम हसला. "कर्नाटकात इलेक्ट्रॉनिक्स मिळतंय, वैनी. माझा माणूस हाय. बाहेरच्या राज्यातल्या पोरांना स्कॉलरशिप पण देतात."

राहीला इलेक्ट्रॉनिक्सच हवं होतं. तिचा खुललेला चेहरा बघून यमुनाबाईने सोन्याच्या बांगड्या मोडल्या आणि शनिवारी दोघांना घेऊन रत्नागिरी गाठली.

लॉजच्या खोलीत बसलेल्या एजंटाने छापील कागद पुढे केला. त्या राज्यातल्या मुलांना फी आठ हजार, परराज्यातल्यांना अठ्ठावीस. यमुनाबाईला त्याचं नवल वाटलं नाही. हर्णेतही गावच्या बाईला वाट्यावर दोन मासे वरचे मिळतात, परगावच्या बाईला मिळत नाहीत. पण मग परक्यांना स्कॉलरशिप कुठली?

"मागचं पान वाच," ती राहीला म्हणाली. कल्ला उचलून बघितल्याशिवाय तिने आजवर मासा घेतला नव्हता.

राहीने वाचलं. स्कॉलरशिप फक्त त्या राज्यात सात वर्षं राहिलेल्यांना. "आणि आपली ईबीसीची सवलत तिकडे चालत नाही, आई," ती हळूच म्हणाली. कराडला तीच सवलत धरून वर्षाची फी दोनशेच्या आत होती.

एजंट ओशाळला वगैरे नाही. असल्यांना ते जमत नाही. "ठीक आहे, बाई. तुमच्यासाठी सव्वीस," तो म्हणाला.

तोच दत्ताराम पुढे सरकला. "वैनी, सोडू नका! काल एक सांगलीवाला तीस द्यायला तयार होता. आपण सत्तावीस बोलू आणि पावती फाडून घेऊ."

यमुनाबाई त्याच्याकडे बघतच राहिली. विकणारा खाली उतरतोय आणि घरचा माणूस वर चढवतोय!

"काय वो भावजी," तिने शांतपणे विचारलं, "ह्यात तुमचं किती?"

दत्ताराम सफारीचं बटण चाचपू लागला. "मी काही बोललो नाही हां," एजंट त्याला म्हणाला, आणि सगळं उघडं पडलं.

"भावाच्या पोरीवर?" यमुनाबाई म्हणाली. थुंकायला तिथे वाळू नव्हती, म्हणून ती नुसती उठली. राहीने आपली सर्टिफिकेटं गोळा केली. "मला सिव्हिल चालेल, आई," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे, पण पाय दाराकडे वळलेले होते.

दोघी तिथूनच एसटीने कराडला गेल्या. सोमवारी सकाळी राहीचं नाव लागलं.

आठवड्याने अंगणात पेढे वाटले. दत्ताराम खुर्ची टाकून सगळ्यांना सांगत होता, "पोरीसाठी रत्नागिरीपर्यंत मीच धावलो!"

यमुनाबाई खोका घेऊन त्याच्यापुढे आली. साऱ्या वाडीसमोर तिने त्याच्या तळहातावर एक पेढा ठेवला.

"घ्या भावजी. लॉजवरचं तुमचं राहिलं होतं."

दत्तारामाने पेढा तोंडात टाकला, बोटं चाटली आणि दुसरा मागितला.